बघूमावशींचं दाखवणं

बघूमावशींना नुसतं सांगून काही पटायचं नाही. शेजारच्या कळस गावात कुणाच्या म्हशीला दोन डोक्यांचं रेडकू झालं अशी बातमी लासुर्ण्यात आली, तर बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून "अगं बाई, खरंच की काय" करत बसायच्या. मावशी डोक्यावरची घागर खाली ठेवायच्या, पदर खोचायच्या आणि म्हणायच्या, "सांगनारा सांगतुया. आपून बघून येऊ." मग उन्हातान्हात कळस गाठायचं, रेडकू बघायचं आणि दिवेलागणीला परत येऊन सांगायचं, "येकच डोस्कं हाय. कपाळाला टेंगूळ हाय जरा." खरं नाव चंद्रभागा. पण गावातली लहानथोर सगळी त्यांना बघूमावशीच म्हणायची, आणि त्याचा त्यांना राग नव्हता.

त्यांची माझी ओळख आमच्या मोटारीमुळे झाली. स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. हे सरकारच्या शेतीप्रचाराच्या गाडीवर होते. हे म्हणजे आमचे यजमान. त्यांचं नाव घ्यायची सवय नव्हती, आता घ्यावं म्हटलं तर जीभ वळत नाही. ड्रायव्हर हेच आणि व्याख्यान देणारेही हेच. गाडी म्हणजे लढाईनंतर मोडीत निघालेली लष्करी मोटार. तिच्यावर लाकडी खोली चढवून वरून निळा रंग दिलेला. पुढच्या अर्ध्या भागात तक्ते, बियाणांच्या बरण्या आणि स्पिरिटमध्ये बुडवलेले उसाचे खोडकिडे. मागच्या अर्ध्या भागात दोन बाकं, एक स्टो, पाण्याची टाकी. तिथं बायकोनं तान्हं मूल घेऊन बिऱ्हाड करावं, असं सरकारच्या कुठल्याही कागदात लिहिलेलं नव्हतं. पण ह्यांचा वरचा साहेब भला माणूस होता, त्यानं काणाडोळा केला. गाडी चालू लागली की पितळी भांडी, बरण्या, माझे दात असं सगळं एकदम वाजायला लागायचं. त्या गाडीत स्वस्थ असायचे ते फक्त खोडकिडे.

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके आमच्याकडे होते. एका गावात चार-पाच दिवस, मग पुढचं गाव, फिरून महिन्याभरानं पुन्हा पहिलं. चावडीपुढे गाडी उभी राहिली की हे तक्ते लावायचे आणि मी मागच्या बाजूला आमटीला फोडणी द्यायची. फोडणीच्या वासानं व्याख्यानाला गर्दी जास्त व्हायची असं हे थट्टेनं म्हणायचे. मला तेव्हा थट्टा कळत होती.

पौषात आम्ही लासुर्ण्याला मुक्कामाला असताना आमचा बाळू तापला. पाच महिन्यांचा होता. दोन दिवस ताप. तिसऱ्या दिवशी सकाळी बारामतीच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून ह्यांनी गाडीला हँडल मारलं, आणि गाडी सुरू व्हायच्या आत तो गेला. मी हे आजवर पुष्कळांना सांगितलंय आणि दर वेळी एवढंच सांगितलंय, कारण ह्याहून जास्त काही घडलंच नाही.

एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. आईनं बरोबर जायचं नसतं. जागाही तिला सांगायची नसते. सांगितली तर तिचा जीव तिथंच घोटाळत राहतो, असं म्हणतात. हा रिवाज मला ठाऊक होता, दुसऱ्यांच्या घरी तो पाळलेला मी बघितलाही होता आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ह्यांनी मला गाडीतून उतरवून समोरच्या घराच्या ओट्यावर बसवलं, बाळूला माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि गाडी घेऊन एकटे निघून गेले. आमचं घरच ती गाडी. चूल, अंथरूण, त्याची दुपटी, सगळं त्यांच्याबरोबर गेलं आणि मी परक्या ओट्यावर नेसत्या लुगड्यानिशी बसून राहिले.

हे परतले तेव्हा ऊन उतरलं होतं. मी विचारलं, "कुठं?"

"विचारू नकोस," हे म्हणाले. आणि मी विचारलं नाही. गाडी दिवसभर गेली होती, म्हणजे दहा मैलांवर असेल नाहीतर वीस. पूर्वेला असेल नाहीतर पश्चिमेला. दोन तालुक्यांत माझं मूल कुठंतरी होतं.

तो ओटा बघूमावशींचा. त्या दिवशी त्यांनी मला काही समजावलं नाही. माझ्याशेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत राहिल्या. दुपारी विचारलं, "भाकरी खाता का बाई?" मी मान हलवली. "बरं," म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा. बायका यायला लागल्या, देवाची करणी, तुमचं वय काय गेलंय वगैरे सुरू झालं, तेव्हा मात्र मावशी उठल्या. "जावा गं आता. तिला बसू द्या," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना अंगणाबाहेर काढलं.

मी रडले नाही. लोक म्हणायचे धीराची आहे. कसला धीर! मला काही वाटतच नव्हतं. मी स्वयंपाक करत होते, धुणं धूत होते, ह्यांच्या सदऱ्याला बटणं लावत होते. आमटीत मीठ आहे का नाही ते जिभेला कळत नव्हतं, म्हणून मोजून घालायचे. सासूबाईंचं पत्र आलं की तिला इकडे पाठव. मी नको म्हटलं. ह्यांना वाटलं, बायकोला आपला लळा आहे. खरं कारण असं होतं की ह्या मुलखातून बाहेर पडले तर बाळूला एकटा टाकून गेल्यासारखं होईल. पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

महिन्याभरानं फिरून लासुर्ण्याला आलो तेव्हा मी ते मावशींना सांगितलं. म्हटलं, "मला त्याची जागा बघायचीय. एकदाच." दुसरी कुठलीही बाई म्हणाली असती, असं बोलू नये, अशुभ असतं. मावशींनी माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"मंग बघू की," त्या म्हणाल्या. "आईनं बघितलं तर कुनाचं काय जातंय?"

त्या दिवसापासून आमचं हिंडणं सुरू झालं. मावशींच्या मळ्यात माळवं असायचं, वांगी, गवार, मेथी. ते बाजाराला न्यायच्या निमित्तानं त्या गाडीत बसायच्या. ह्यांना म्हणायच्या, "सायेब, बाईला जरा मुलूख दावून आनते. बसून बसून गंज चढंल तिला." हे बिचारे खूश. बायको हिंडतीफिरती झाली, माणसांत आली, म्हणून आपणहून गाडी वाकडी करून आम्हांला नेऊन सोडायचे. मावशी खोडकिड्यांच्या बरणीशेजारी पाटी मांडीवर घेऊन बसायच्या आणि बरणीकडे बघत म्हणायच्या, "ह्येंचं मातर बरं हाय. बसल्या जागी सगळा तालुका फिरून झाला."

त्यांची दाखवायची एक रीत होती. आपण जिथं उभे असू तिथं मागून येऊन दोन्ही खांदे धरायचे, आपल्याला हवं तसं वळवायचं आणि मग गप्प राहायचं. हे अमुक, ते तमुक, असली बडबड नाही. बारामतीला त्यांनी मला आधी बाजार दाखवला नाही, देऊळ दाखवलं नाही. स्टेशनात नेऊन रूळ संपतात ती जागा दाखवली. "येवढं धूड धडाडत येतं आनि हितं मुकाट हुबं ऱ्हातं बगा." आम्ही दोघी उन्हात उभ्या राहून त्या संपलेल्या रुळांकडे बघत होतो. मग त्या पाण्याच्या टाकीपाशी बसलेल्या हमालाकडे गेल्या. कुठले तुम्ही, पोरी किती, पाऊस कसा झाला, असं सगळं विचारून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "पौषात येक निळी मोटार बघितली का वं ह्या अंगाला? मागं लाकडी खोली हाय तिला." हमालानं नाही म्हणून सांगितलं. मावशी परत आल्या. "हिकडं न्हाय," म्हणाल्या.

असं आम्ही पुष्कळ बघितलं. कारखान्याची चिमणी बघितली. इंदापूरची गढी बघितली. मी विचारलं, "आत काय आहे?" तर म्हणाल्या, "काय न्हाय. माती हाय. पर बघून ठिवा." पाटाचं पाणी पार शेवटी ज्या वावरात जाऊन संपतं ते वावर बघितलं, ती त्यांची फार आवडती जागा होती. नरसिंगपूरला जाऊन नीरा आणि भीमेचा संगम बघितला. गुरवानं माहात्म्य सांगायला सुरुवात केली तशी मावशी म्हणाल्या, "त्ये ऱ्हाऊ द्या, पानी कुटलं कुटलं त्ये दावा." नीरा इकडून आली, भीमा तिकडून आली, दोघी भेटल्या. बरं. मला काही वाटलं नाही. घाटाच्या पायऱ्यांवर चुन्याचे डाग होते तेवढे मी मोजले. मावशी तोवर नावाड्याशी त्याच्या जावयाविषयी बोलत होत्या, आणि जावई संपल्यावर निळी मोटार निघणार हे मला आता माहीत झालं होतं.

जे स्वतः बघितलेलं नाही ते त्या दाखवायच्या नाहीत. एकदा शेळगावच्या बाजूला एका टेकाडावर उभं राहून मी विचारलं, "त्या झाडांच्या पलीकडे काय आहे हो?"

"मला काय म्हाईत? मी गेली न्हाय तकडं."

"पण ऐकलं असेल ना?"

"ऐकलेलं आनि कशापायी दावू? लबाडी हुती ती."

त्यांचा राग मी एकदाच बघितला. कळसला एका म्हातारीनं आमची विचारपूस ऐकून छातीठोक सांगितलं की होय, मोटार आली होती, आणि गावठाणाच्या मागं मातीचा एक ढिगारा दाखवला. मी खाली बसणार, तेवढ्यात मावशींनी मला दंडाला धरून उभंच ठेवलं. म्हातारीला विचारलं, कुठल्या रंगाची मोटार? म्हातारी म्हणाली, लाल. कोण होतं बरोबर? म्हणे, पाच-सहा माणसं. शेजारचा माणूस हसायला लागला तेव्हा कळलं की तो ढिगारा एका कालवडीचा होता, आणि म्हातारीला काहीतरी मिळेल म्हणून ती बोलत होती. मावशी तिच्या अंगावर गेल्या. "आईला खोटी जागा दावती व्हय गं भवाने? हात झडतील की तुजं!" म्हातारी घाबरून घरात पळाली. परतीच्या वाटेवरही मावशी तिला शिव्या घालत होत्या. मी आपली खिडकीबाहेर बघत होते. मला त्या म्हातारीचा रागही येत नव्हता.

शेवटचा उपाय म्हणून मावशींनी सरळ ह्यांनाच गाठलं. हे चाक बदलत होते. मावशी समोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सायेब, सांगून टाका. तिचा जीव तळमळतुया."

ह्यांनी मान वर केली नाही. "मावशी, मी तिला ह्यातून बाहेर काढायला बघतोय. तुम्ही तिला परत तिथं नेऊ नका. माझ्या संसारावर एवढे उपकार करा." आणि तीन दिवस ह्यांनी मावशींना गाडीत घेतलं नाही. ह्यांचंही चुकत होतं असं मी आज म्हणणार नाही. हेही एकटेच खड्डा खणून आले होते. पण ते माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली.

वैशाखात बदलीचा हुकूम आला. गाडी नगर जिल्ह्यात न्यायची. शेवटचा मुक्काम लासुर्णे, तिथून तिसऱ्या दिवशी निघायचं. हे उत्साहानं तक्ते बांधायला लागले. मी मावशींच्या ओट्यावर जाऊन बसले आणि सांगितलं, "मी जाणार नाही. ह्यांना जाऊ दे गाडी घेऊन. मी इथंच राहीन, कुणाच्या मळ्यात खुरपायला जाईन, पण त्याला टाकून जाणार नाही."

मावशी घाबरल्या. चार महिन्यांत त्यांना घाबरलेलं मी बघितलं नव्हतं. "असं करू नगा बाई. सायबांचं काय हुईल? तुमचा संसार अजून कालचा हाय."

"जागा दाखवा मग."

मी दिवसभर अन्नाला शिवले नाही, मुद्दाम नव्हे, घास आत जाईना. दुसऱ्या दिवशीही तसंच. हे दोनदा येऊन बोलावून गेले, नंतर रागावून गेले, नंतर नुसते समोर उभे राहून गेले. मी गाडीत पाय ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. डोळे सुजलेले. "चला," म्हणाल्या. "गावली."

त्यांच्या मळ्यापर्यंत आम्ही चालत गेलो. माळव्याच्या वाफ्यांपलीकडे, पाण्याच्या दांडाच्या कडेनं, थेट मागच्या बांधापर्यंत. तिथं एक हिवराचं झाड होतं. मावशींचे मालक, आबा, झाडापाशी हातात पटका धरून उभे होते. आबा म्हणजे फार कमी बोलणारा माणूस. दिवसाकाठी त्यांचे चार शब्द कानावर पडले तर पुष्कळ.

"सायेब हितंच आलं हुतं," मावशी म्हणाल्या. "ह्येंनीच खड्डा घेतला. सायबांनी शपत घातली, म्हनून येवढं दिस बोलले न्हाईत. काल मी ह्येंच्या म्होरं भाकरीच ठिवली न्हाय, तवा तोंड उघडलं."

मी आबांकडे बघितलं. "होय आबा?"

आबांनी पटका ह्या हातातून त्या हातात घेतला. "व्हय," म्हणाले, आणि दांडाकडे बघत राहिले.

मावशींनी मागून माझे खांदे धरले आणि मला वळवलं. बांधाच्या कुशीत हातभर लांबीची जागा होती. कडेनं दगड लावलेले, वर जनावरांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या काट्यांचा फास. दगड मातीत चांगले रुतले होते. चार महिन्यांत दगड एवढे रुततात का, एवढं शेवाळ धरतात का, हे मला सुचलंच नाही. जे बघायला मी तीन महिने वणवण केली ते समोर होतं. मी फास बाजूला केला, दगडावर हात ठेवला, आणि मला रडू फुटलं. कसं रडले ते सांगता यायचं नाही. घसा बसला, लुगडं मातीत लोळलं, आबा कधी निघून गेले ते कळलं नाही. मधेच माझ्या लक्षात आलं की मावशीही रडताहेत, माझ्याहून मोठ्यानं, दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून. मला वाटलं, परक्या बाईचं मन किती हळवं असावं! त्या दगडांना हात मात्र लावत नव्हत्या.

ऊन डोक्यावर आल्यावर त्यांनी मला उठवलं, दांडाच्या पाण्यानं माझं तोंड धुतलं. एरवी बाई म्हणणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पोरी, आता जा. सायेब वाट बघत्यात. मी हाय हितं. त्याच्याकडं मी बघीन."

मी गेले. ओट्यावर त्यांच्या हातची भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. भाजीत मीठ जास्त झालं होतं, आणि ते मला लागलं. गाडीत बसले. ह्यांना काही बोलले नाही. बोलले असते तर ह्यांनी मावशींना दोष दिला असता, आणि आबांवर शपथ मोडल्याचा ठपका आला असता. हे मला बघून आनंदले, पण कशामुळे म्हणून विचारलं नाही. आमच्या दोघांमध्ये तो विषय तिथंच मिटला.

पुढे नगर, मग धुळं, मग पुण्यात ऑफिसची नोकरी. मला दोन मुली झाल्या. मावशींचं वर्षाकाठी एक कार्ड यायचं, गावातल्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. मजकूर ठरलेला. सर्व खुशाल. पाऊस झाला किंवा झाला नाही. आणि शेवटची ओळ, बाळूची जागा ठीक आहे. पौषात फास नवा घातला. एका वर्षी कार्ड मुलाच्या हातचं आलं, आई गेली म्हणून. मी चार दिवस सैरभैर होते. शेजारणी विचारायच्या, कोण होत्या? मी म्हणायचे, मावशी. त्यांना वाटायचं, सख्खी.

तीस वर्षं गेली. हे अंथरुणाला खिळले होते. एका दुपारी मी त्यांना मोसंब्याचा रस पाजत होते, तर म्हणाले, "तुला एक सांगायचं राहिलंय. बाळूची जागा."

मी वाटी खाली ठेवली. म्हटलं, कशाला आता. पण ह्यांना सांगायचंच होतं. निरवांगीच्या अलीकडे, नीरेच्या काठी, तीन करंज होते त्यांतल्या मधल्या करंजाखाली. प्रात्यक्षिकाचं फावडं गाडीत होतं, त्यानं खणलं. "वाहतं पाणी जवळ असावं म्हटलं. एकटाच होतो गं. कुणाला बरोबर घ्यावंसं वाटलं नाही."

"आबा नव्हते?" असं अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. ह्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "बरं झालं सांगितलंत." ह्यांना त्या दुपारी शांत झोप लागली. महिन्याभरात हे गेले.

दिवसकार्य उरकल्यावर मी एकटी एस.टी.नं निघाले. आधी निरवांगीला गेले. करंज नव्हते. मधे कधीतरी मोठा पूर येऊन नदीनं तो काठच नेला, असं एका माणसानं सांगितलं. मी पाण्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिले. वाटेल, वाटेल म्हणून वाट बघितली. काही वाटलं नाही. मग लासुर्ण्याची गाडी धरली.

आबा होते. ऐंशीच्या पुढे गेलेले, दिसायला कमी, पण मला आवाजावरून ओळखलं. सुनेनं चहा आणला. ती आत गेल्यावर मी म्हटलं, "आबा, हे गेले. जाताना मला सांगून गेले. आता तुम्ही खरं सांगा. तुमच्या बांधावर कोण आहे?"

आबांनी मिशीवरून हात फिरवला.

"आमचा थोरला," म्हणाले. "आट म्हैन्यांचा हुता. आपलंच वावार, म्हनून तितं ठिवला. तिनं मागनं हुडकून काढलं कुठं ते. रोज जाऊन बसायची."

"मग मला का दाखवला?"

"तुमी जात नव्हता न्हवं? दोन दिस ती बी जेवली न्हाय. रातभर बसून हुती. सकाळी मला म्हनली, चला, आपला देऊ. मी म्हनलं, दावायपुरता गं. तर न्हाय म्हनली. दिला तर दिलाच. त्या दिसापास्नं कवा त्याला माजा म्हनली न्हाय. फास घालायची, पानी घालायची, पर तुमचा म्हनूनच. मराया टेकली तवा मी म्हनलं, त्याच्याशेजारी तुजी राख टाकू का? तर म्हनली, नगं. दुसरीचं लेकरू हाय, तिला काय वाटंल."

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. चहावर साय धरली होती.

"नाव काय होतं त्याचं?" मी विचारलं.

इतक्या वर्षांत ते नाव कुणी विचारलं नसावं. आबांना ते आठवायला वेळ लागला नाही, उच्चारायला लागला.

"किसना."

मी उठले, वाफे ओलांडून मागच्या बांधावर गेले. तीस वर्षं मी त्याला बाळू म्हणत आले होते. त्याच्या आईनं ते ऐकलं होतं, कार्डावर लिहवून घेतलं होतं आणि एकदाही दुरुस्त केलं नव्हतं. मी खाली बसले, दगडावर हात ठेवला आणि त्याला त्याच्या नावानं हाक मारली. त्या दिवशी मी रडले ती किसनासाठी, आणि अगदी सख्ख्या आईसारखी रडले.